आत्यांची काळी ट्रंक



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक काळी पत्र्याची ट्रंक खाली आली. माझ्या आत्येसासूबाईंची. आत त्यांच्या यजमानांचा फौजेतला लोकरी कोट आणि दोन पदकं, १९७१ च्या लढाईची. जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या अहिंसेच्या घरात हे कशाला? भंगारात देऊन टाका."

मला काही ते पटलं नाही.

श्रवणबेळगोळला आपण सगळ्याच जातो. सहाशेवर पायऱ्या चढून बाहुबली भगवंतांसमोर टेकलो की मुलांना गोष्ट सांगतो. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. सैन्य लढलंच नाही आणि जिंकलेल्या भावानं राज्य सोडलं. पण ही ५७ फुटी मूर्ती करवून घेणारे चामुंडराय कोण होते? गंग राजांचे सेनापती! आयुष्यभर रणांगण पाहिलेल्या माणसानं ९८१ च्या सुमारास शस्त्र टाकणाऱ्याची मूर्ती उभी केली. मूर्तीच्या पायाशी त्यांचं नाव आपल्या मराठीतही कोरलेलं आहे. आपण मात्र त्यांची मातृभक्ती तेवढी सांगतो, लढाया गाळतो. मीही पाठशाळेत इतकी वर्षं तेच केलं.

त्याच डोंगरावर त्यागद ब्रह्मदेव स्तंभ आहे. त्यावर चामुंडरायांच्या पराक्रमाचा लेख होता. पुढे १२०० च्या सुमारास हेग्गडे कन्न नावाच्या गृहस्थानं त्यातला बहुतेक भाग घासून काढला आणि तिथे स्वतःच्या दोन-अडीच ओळी कोरल्या. चामुंडरायांनी कन्नडमध्ये पुराण लिहून ठेवलं, त्यात कुठलं बिरुद कुठल्या लढाईत मिळालं ते आलं आहे, म्हणून बरं. पण दगडावरचं गेलं ते गेलंच.

आणि आत्यांचं तर कुठे कोरलेलंही नाही. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली तेव्हा त्यांनी तूप आणि साखर सोडली, पत्र येईपर्यंत. १६ तारखेला लढाई संपली, गावात पेढे वाटले. आत्यांनी हातात घेतलेला पेढा शेजारच्या पोराला दिला. पत्र आलं जानेवारीत. ते घरी परतले, पण लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. आत्या एवढंच सांगायच्या, "रात्री दचकून उठायचे, मग मी णमोकार म्हणत बसायची." पुस्तकांत तेरा दिवसांची म्हणतात ती लढाई आमच्या घरात बरीच वर्षं चालली होती.

ही ट्रंक पाहून युद्धाची हौस वाटेल, असं मला तरी वाटत नाही. वाटलीच, तर तुपाची गोष्ट सांगायला मी आहे.

कोट दोन दिवस उन्हात टाकला. डांबराच्या गोळ्या घातल्या नाहीत. वाळलेला कडुनिंब आणि लवंगा पुरचुंडीत बांधून ठेवल्या. जाऊबाईंनीच पदकं मऊ फडक्यानं पुसली आणि विचारलं, "आत्यांचं ते पत्र कुठे असेल गं?"

शोधतो आहोत.