गोकलपूरचे महाविद्यालय आणि दहा लाखांचे कर्ज

बारावीनंतर अभियांत्रिकीला कोठे जावे, या जबलपूरमधील मराठी कुटुंबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर १ नोव्हेंबर १९५६ रोजीच ठरून गेले आहे. त्या दिवशीच्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तोवर एकाच राज्यात नांदणारे नातलग दोन राज्यांचे रहिवासी झाले. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील निम्म्या जागा ‘गृहराज्या’साठी, म्हणजे विद्यार्थी जेथून बारावी झाला त्या राज्यासाठी, राखीव असल्याने जबलपूरच्या मुलाला तो लाभ भोपाळमध्ये मिळतो, आजोळच्या नागपुरात मिळत नाही, महाराष्ट्राने २०२४ मध्ये ठरावीक प्रवर्गांतील मुलींना दिलेली शुल्कमाफीही त्याच्या बहिणीच्या वाट्याला येत नाही.

खुद्द जबलपूरमध्ये मात्र गोकलपूर भागातले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला सव्वा महिना उरला असताना, रॉबर्टसन कॉलेजच्या आवारात सुरू झालेल्या या संस्थेला देशात इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण प्रथम सुरू केल्याचा मान दिला जातो, आणि त्याचे श्रेय प्रा. एस. पी. चक्रवर्ती यांच्याकडे जाते. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून आलेले शरद यादव येथूनच अभियंता झाले आणि १९७४ मध्ये जबलपूरमधूनच लोकसभेत गेले. अशा घरातील मुलाला शुल्काची भिंत आडवी आली नाही, हे या महाविद्यालयाचे खरे मोल आहे.

मध्य प्रदेशाच्या २०१७ मधील मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेने, म्हणजे गुण, उत्पन्न आणि जेईई मेन्समधील क्रमांक पाहून सरकारने शुल्क भरण्याच्या योजनेने, पात्र विद्यार्थ्याला असे शिक्षण जवळपास विनामूल्य केले आहे. खासगी महाविद्यालयाला मात्र ही मदत वर्षाला दीड लाखांपर्यंतच मिळते आणि वरची रक्कम घरावर येते. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे तेरा हजारांचा हप्ता बसतो. तो भरणारा तरुण पहिली मिळेल ती नोकरी धरतो, आणि पुढील शिक्षण किंवा स्वतःचा उद्योग हे पर्याय त्याच्यापुरते मिटतात. केवळ नावासाठी हे ओझे पत्करणे चूक आहे.

आयआयटीची गोष्ट वेगळी आहे. तेथील शिकवणी शुल्क २०१६ मध्ये नव्वद हजारांवरून दोन लाख झाले, तरी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच वार्षिक एक लाखाच्या आतील उत्पन्न असलेल्यांना ते पूर्ण माफ आहे, तर पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दोन-तृतीयांश माफ आहे. त्यामुळे तेथे प्रवेश मिळत असेल, तर पैशाच्या भीतीने तो सोडू नये. पण तेथे पोहोचणारे थोडे असतात. उरलेल्या बहुसंख्यांसाठी राज्याने खासगी संस्थांचे शुल्क भरण्यापूर्वी गोकलपूरच्या प्रयोगशाळा आणि अध्यापकांची पदे यांची तरतूद करायला हवी, कारण एका विद्यार्थ्याचे शुल्क चार वर्षांत संपते, तर प्रयोगशाळेतील यंत्रावर त्याच्यामागून येणाऱ्या अनेक तुकड्या शिकतात.