लॅपटॉपसाठी ड्राइव्ह घेताय? एका मोठ्यापेक्षा दोन लहान बरे!

पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब सुरू झाली. अशा लॅबमध्ये लेझर कटर असो वा थ्रीडी प्रिंटर, वस्तू आधी फाइलमध्ये तयार होते. मशीन बिघडले तर दुरुस्त करता येते. गेलेली फाइल पहिल्यापासून करावी लागते. म्हणून एक्स्टर्नल ड्राइव्ह हवाच. पण कोणता?

हार्ड डिस्क की एसएसडी?
हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. चालू असताना धक्का बसला तर डेटा जाऊ शकतो. वेग सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. वेग अनेकदा ५०० एमबीच्या पुढे, पण किंमत जास्त. रोज दुचाकीवरून बॅग नेणाऱ्यांनी एसएसडी घ्यावी. कपाटात लग्नाचे व्हिडिओ ठेवायला हार्ड डिस्क पुरे.

घेताना काय पाहाल?
• लॅपटॉपला फक्त यूएसबी २.० पोर्ट असेल, तर एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही.
• विंडोज आणि मॅक दोन्हींवर वापरायचा असेल, तर एक्सफॅट फॉरमॅट निवडा. फॉरमॅट करताना आधीचा डेटा पुसला जातो.
• हजार रुपयांत ‘१६ टीबी’ म्हणजे फसवणूकच समजा.

शेवटचे, पण महत्त्वाचे : लॅपटॉपमधून काढून फाइल फक्त ड्राइव्हवर ठेवली, तर तो बॅकअप नव्हे, प्रत एकच राहते. त्यामुळे एका मोठ्या ड्राइव्हपेक्षा दोन लहान घ्या आणि त्यातला एक दुसऱ्या घरी ठेवा.