खाडा कोणाचा?



नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की सरकारी कचेऱ्यांत पहिले काम होते ते लाल आकडे मोजण्याचे. २०२६ च्या कॅलेंडरात आंबेडकर जयंती मंगळवारी आली. सोमवारची एक किरकोळ रजा टाकली की शनिवारपासून सलग चार दिवस मोकळे. १ मे आणि २ ऑक्टोबर हे तर शुक्रवारी. तिथे रजेचा अर्जही नको. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि हा हिशेब आणखी सोपा झाला. यात गैर काही नाही. चार दिवस चिखलदऱ्याला जाऊन यावे, माणसाला विसावा लागतोच.

प्रश्न एवढाच, की या हिशेबात बाई कुठे आहे?

कचेरीतल्या बाईच्या किरकोळ रजा वर्षाला आठ. मुलाचा ताप, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, महालक्ष्म्यांचा स्वयंपाक, यात त्या दिवाळीच्या आतच संपतात. जोडायला उरते काय? आणि चार दिवस मिळालेच तर पाहुणे तिच्याच घरी येतात.

पण ही निदान पगारी माणसाची गोष्ट झाली. वर्धा, हिंगणघाट, पुलगावच्या वस्त्यांतून धुणीभांडी करणाऱ्या बायकांशी बोलताना सुट्टी हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथला शब्द आहे ‘खाडा’. ताप आला, खाडा. रेशनच्या रांगेत दिवस गेला, खाडा. घरमालक जोडून सुट्टी घेऊन गेले, दाराला कुलूप, बाई कामाला यायला तयार होती, तरी महिनाअखेर चार दिवसांचे पैसे कापलेले. एकीने विचारले, “गावाले ते गेले अन् खाडा माहा?” या प्रश्नाला कुठल्याही सुशिक्षित घराने सरळ उत्तर द्यावे. कचेरीतल्या माणसाचा पगार लाल आकड्याच्या दिवशी कापला जात नाही. मग त्याच घरातल्या कामाच्या बाईचा का?

हा प्रश्न आजचा नाही. रविवारची सुट्टीसुद्धा कोणी आपणहून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे गिरणी कामगार वर्षानुवर्षे भांडले, तेव्हा १० जून १८९० पासून ती मिळाली. त्याआधी एप्रिलमध्ये झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुण्यात १९८० साली आजारपणामुळे काही दिवस न आलेल्या एका बाईला कामावरून काढले, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातून उभी राहिली. भरपगारी सुट्टी ही तिची सुरुवातीपासूनची मागणी. पुढे २००८ साली राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, योजना आहेत. आठवड्याच्या सुट्टीचा हक्क नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांना आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती द्यावी असा करार केला. भारताने तो मंजूर केलेला नाही.

शेतावरची गोष्ट आणखी निराळी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बाई मात्र त्या दिवशी पुरणाच्या चुलीपुढे असते. निंदणाला आणि वेचणीला गेले नाही तर मजुरी नाही, आणि भाऊबीज येते ती नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले हे चांगलेच झाले. पण माहेरी दोन दिवस राहायचे तर तिकीट अर्धे आणि मजुरी पूर्ण बुडते. तरीही याच बायका दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे महिनाभर आधी ठरवतात, थोडे पैसे बाजूला ठेवतात, मुलांना घेऊन नागपूरला जातात. रजेचे नियोजन त्यांना शिकवायला नको. त्यांना हवी आहे ती न बुडणारी मजुरी.

म्हणून एक सुचवायचे आहे. वस्तीतल्या बैठकीत कॅलेंडर घेऊन बसा. घरमालक गावाला गेले तर पैसे कापायचे नाहीत, आठवड्याची एक सुट्टी ठरलेली हवी, बाईने आधी सांगून घेतलेली रजा म्हणजे खाडा नव्हे, असे घरोघर एकाच भाषेत सांगायचे ठरवा. एकटीने मागितले तर काम जाते, हा अनुभव आहे. आणि हो, आपली शिबिरेही रविवारी आणि सणाच्या सुट्टीला ठेवण्याचा रिवाज पडला आहे. जिला घरचे कपडे धुवायला तेवढाच दिवस मिळतो, तिला विचारून तारीख ठरवू या.

कोणत्या घरांनी मान्य केले, कोणी नाही, काय कारणे दिली, ते पुढच्या अंकासाठी कळवा. घरांची नावे नकोत.