मास्तरांचा पगार आणि विम्याचा हप्ता



शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. पण घरातला मुलगा मास्तर असला, की मार्चात एजंट ओट्यावर येऊन बसतो. म्हणतो, विमा घ्या, कर वाचेल! माझ्या पुतण्याने बियाण्याला ठेवलेले पैसे असेच हप्त्यात घातले. मागून हिशेब केला, तर त्याला कर बसतच नव्हता.

नव्या पद्धतीत २०२५-२६ साली केवळ पगारच असून तो १२ लाख ७५ हजारांच्या आत असेल, तर कर शून्य. मुलांच्या शाळेच्या फीची, विम्याची सवलत जुन्या पद्धतीत. आरोग्य विम्याचा हप्ता रोखीने भरला, तर तीही नाही. आजारपणासाठी विमा घ्यायचा तर जरूर घ्या. दुधाचा पैसा मात्र शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. तो दाखवावा लागतो. शेतीचे उत्पन्न मोठे असल्यास कराचा दर ठरवताना तेही मोजतात.