खेळातील सत्ता आणि गोसीखुर्दचे वास्तव

व्हिडीओ गेममधील हिंसेची चर्चा आपल्याकडे बंदूक आणि रक्त यांपलीकडे सहसा जात नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा कारण देण्यात आले ते देशाच्या सार्वभौमत्वाचे व सुरक्षेचे. पुढच्या वर्षी तो नव्या नावाने परतला, तेव्हा रक्त हिरवे झाले होते. नेमबाजी मात्र तीच होती. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदाही प्रामुख्याने पैशांच्या खेळांना आळा घालणारा आहे. खेळणाऱ्याला मिळणाऱ्या निरंकुश सत्तेच्या सुखाचा नैतिक प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो.

हे सुख केवळ नेमबाजीत नसते. १९८९ मध्ये आलेल्या ‘सिमसिटी’त खेळणारा शहराचा सर्वाधिकारी असतो. रक्ताचा थेंबही न सांडता, बुलडोझरच्या एका क्लिकने वस्ती नाहीशी होते. उठवल्या गेलेल्यांपैकी कोणी मोबदला मागत नाही की मोर्चा काढत नाही.

या खेळाच्या आदल्याच वर्षी, २२ एप्रिल १९८८ रोजी, भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन ओलिताखाली आणण्याचा हेतू निःसंशय मोठा होता. परंतु ३७२ कोटींचा मूळ अंदाज पुढे अठरा हजार कोटींवर गेला आणि पाणी साठवण्यासाठी गावे उठवावी लागली. योग्य मोबदला, पुनर्वसन आणि रोजगार यांसाठी प्रकल्पग्रस्तांनी मोर्चे काढले, जलसमाधीची आंदोलने केली. सुमारे बाराशे कोटींचे विशेष पॅकेज मिळाले ते २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर पाव शतकाने. पडद्यावरच्या नकाशातून गाळला जातो तो नेमका हा काळ आणि ही माणसे.

अर्थात, खेळामुळे कोणी विस्थापित होत नाही. खेळातील हिंसा आणि प्रत्यक्षातील गुन्हे यांचा संबंधही संशोधकांत वादग्रस्त आहे. त्यामुळे सरसकट बंदीची मागणी अप्रस्तुत ठरते. मात्र माणसांकडे केवळ वरून पाहण्याची सवय निर्धोक मानता येत नाही. याच माध्यमातून वेगळी दृष्टीही देता येते. २०१४ मधील ‘धिस वॉर ऑफ माइन’ या पोलिश खेळात खेळणारा सेनापती नसून वेढ्यात अडकलेला सामान्य नागरिक असतो. पोलंडने २०२० मध्ये त्याला शालेय पूरक वाचनाच्या यादीत स्थान दिले. मुलाने खेळात किती जणांना मारले, एवढेच विचारून पालकांचे कर्तव्य संपत नाही. त्याने पाडलेल्या वस्तीत कोण राहत होते आणि ते पुढे कोठे गेले, हेही विचारायला हवे.