हात धुतले का? आणि बघतंय कोण?

हात धुणं ही खरं तर बालवाडीत शिकायची गोष्ट. पण १८४७ साली व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलमध्ये इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला ती चक्क डॉक्टरांना शिकवावी लागली. शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींकडे जाऊ नका, आधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवा, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या वॉर्डात एप्रिलमध्ये १८ टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या, जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास. तरी बऱ्याच मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही ते नाहीच.

आज कुणाला पटवावं लागत नाही. सगळ्यांना माहीत आहे, भिंतीवर पोस्टरही आहेत, आणि तरीही हात धुवायचे राहतात. मग मोजायला तरी हवं ना?

जुनी पद्धत म्हणजे एक माणूस कागद घेऊन वॉर्डात उभा राहणार आणि टिक मारणार. टोरांटोमध्ये संशोधकांनी सॅनिटायझरच्या डिस्पेन्सरवरच इलेक्ट्रॉनिक नजर ठेवून बघितलं (हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला). जिथून तपासनीस दिसत होता, तिथे डिस्पेन्सरचा वापर जवळजवळ तिप्पट! डीबगर लावला की बग गायब, तशातली गत. आता त्या कागदावरच्या टक्केवारीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

म्हणून मशीन. न्यूयॉर्कजवळच्या नॉर्थ शोअर युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या आयसीयूत बेसिन आणि डिस्पेन्सरवर कॅमेरे लावले. आत जाताना-बाहेर येताना १० सेकंदांच्या आत हात साफ केले की पास. पहिले १६ आठवडे नुसतंच रेकॉर्डिंग, कुणाला आकडा सांगितला नाही. पास होण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली! मग आकडे स्टाफला तिथल्या तिथे दाखवायला सुरुवात केली. प्रमाण ८१.६ टक्क्यांवर गेलं आणि पुढचे ७५ आठवडे ८७.९ राहिलं. हे फुटेज बघून पास-नापास ठरवणारी माणसं कुठे बसली होती माहितीये? भारतात! २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सनेच तशी बातमी दिली होती. अमेरिकन नर्सच्या हातांवर आपल्याकडच्या कुणीतरी शिफ्टमध्ये नजर ठेवायची... आउटसोर्सिंगचे आपण बरेच प्रकार पाहिलेत, पण हा भलताच.

इथपर्यंत वाचून वाटेल, झालं की मग, लावा सेन्सर सगळीकडे. थांबा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ हॉस्पिटलांचा साडेतीन वर्षांचा डेटा आहे. तिथे कर्मचाऱ्यांच्या अंगावर बॅज होते, कोणी हात धुतले हे नावानिशी कळत होतं. सुरुवातीला प्रमाण छान वाढलं, मग हळूहळू घसरत गेलं. आणि जिथे सिस्टिम बंद केली तिथे ते आधीपेक्षाही खाली गेलं. म्हणजे "मला पेशंटसाठी हात धुवायचेत" याच्या जागी "मशीन बघतंय" एवढंच उरलं असावं, आणि मशीन गेल्यावर तेही गेलं. टाइमशीट भरणाऱ्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको.

माझ्या आईला काही दिवस आयसीयूत ठेवलं होतं, तेव्हा मीही काचेतून हेच बघत बसायचो. आत येणाऱ्याचा हात आधी बाटलीकडे जातो की थेट आईच्या सलाइनकडे? पण ज्यांच्या हातात आपलं माणूस आहे त्यांना "सिस्टर, हात धुतले का?" असं विचारणार कोण? त्यामुळे मोजणी नको असं मी कधीच म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की तो आकडा कुणाच्या टेबलावर जाणार?

कारण अशाच डेटातून २०१५ साली आणखी एक गोष्ट बाहेर आली होती. १२ तासांच्या शिफ्टच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत हात धुण्याचं प्रमाण सरासरी ८.७ पॉइंटांनी घसरतं. माणूस तोच, ट्रेनिंग तेच, पोस्टर तेच. फक्त तो दमलाय. हा आकडा एचआरकडे गेला तर त्या नर्सला मेमो मिळेल. मॅनेजमेंटकडे गेला तर निदान प्रश्न तरी उठेल की शिफ्ट इतकी लांब का, एकीच्या वाट्याला इतके बेड का, बेसिन कोपऱ्यात का. माझ्या मते आकड्याचा खरा उपयोग हा. तो बग रिपोर्ट आहे, अप्रेझल नव्हे.

शिवाय मशीनला दिसतं ते दारापुरतंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात साफ करायचे पाच प्रसंग सांगितले, त्यात जखमेला किंवा नळीला हात लावण्याआधीचा क्षणही येतो. दारावरच्या सेन्सरला तो कळतच नाही. त्या आकड्यावर इन्क्रिमेंट ठरवलंत तर दारात १०० टक्के होईल, आणि पलंगापाशी काय होतंय ते देव जाणे.

असो. आपल्यापैकी कुणाच्या तरी कंपनीत उद्या असा प्रोजेक्ट येईलच. डॅशबोर्ड बनवाल तेव्हा नावांची यादी बाय डिफॉल्ट उघडू नका. आधी वॉर्डाचा आकडा दाखवा, तोही वॉर्डातल्या लोकांनाच. आणि त्याच्या शेजारी दोन कॉलम न विसरता टाका: शिफ्टचा कितवा तास, आणि एका नर्समागे किती पेशंट. क्लायंट म्हणेल, हे रिक्वायरमेंटमध्ये नाही. भांडा :-)