दुय्यम नटाचे मोल : एलिशा कुक यांच्या अभिनयाचा विचार

नटाची योग्यता त्याला मिळालेल्या भूमिकेच्या लांबीवरून ठरवण्याची सवय चित्रपटविषयक लेखनात इतकी मुरलेली आहे की, ज्याला आयुष्यभर नायकाचे काम मिळाले नाही तो नट अयशस्वीच, असे कोणी उघडपणे न म्हणताही गृहीत धरले जाते. १९३० पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत शंभराहून अधिक चित्रपटांत वावरलेले अमेरिकी नट एलिशा कुक ज्युनिअर (१९०३–१९९५) यांचा निवाडाही याच मापाने होतो. जे मत खोडून काढावयाचे ते आधी पूर्ण बळानिशी मांडावे, अशी शास्त्रग्रंथांची रीत आहे. त्या मांडणीला पूर्वपक्ष म्हणतात. येथे पूर्वपक्ष असा : कुक यांना मोठे होता आले नाही, त्यांनी भेदरलेल्या, किरकोळ गुन्हेगाराची एकच भूमिका नाव बदलून पुन्हा पुन्हा केली, आणि त्यांच्या ज्या थोड्या प्रसंगांची वाखाणणी होते त्यांचे श्रेय वस्तुतः थोर दिग्दर्शकांचे आहे.

यांपैकी पहिला आक्षेप वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. १९३३ साली यूजीन ओनील यांचे 'आह, विल्डरनेस!' हे नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक रंगभूमीच्या मुख्य केंद्रात, प्रथम सादर झाले, तेव्हा ज्याच्याभोवती ते नाटक फिरते त्या तरुण मुलाची भूमिका कुक यांनी केली होती. संपूर्ण नाटक पेलण्याची शक्ती ज्याने सिद्ध केली होती, त्या नटाला हॉलिवूडने छोटी कामे दिली याचे कारण अभिनयात नव्हे, तर ठेंगण्या बांध्यात आणि वय वाढले तरी पोरसवदा राहिलेल्या चेहऱ्यात शोधावे लागते. मात्र एवढ्यावरून त्यांच्याविषयी हळहळणे हीदेखील चूकच होय. 'अन्याय झालेला गुणी नट' असे म्हणणारा चाहताही नायकपदालाच अंतिम यश मानतो, आणि म्हणून न कळत त्याच पूर्वपक्षाच्या बाजूला जाऊन बसतो. हॉलिवूडपासून दूर, कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वताच्या परिसरात राहून मासेमारीत रमणारा आणि कामापुरता खाली येणारा हा माणूस नायकपदासाठी झुरत होता, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण वरवर पाहता तो खरा वाटतो. कुक यांचे नाव मुख्यतः जोडले जाते ते 'फिल्म न्वार' या प्रकाराशी, म्हणजे १९४० आणि १९५० च्या दशकांतील त्या काळोख्या, गुन्हेगारीवर आधारलेल्या अमेरिकी चित्रपटांशी, ज्यांत शहर, लोभ आणि फसवणूक यांच्या कचाट्यातून कोणीही सहसा निर्दोष बाहेर पडत नाही. अशा चित्रपटांत कुक दुबळे दिसतात आणि बहुधा मरतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु दुबळेपणा ही बाह्य परिस्थिती आहे, स्वभाव नव्हे. आणि कुक यांनी प्रत्येक वेळी वेगळा स्वभाव उभा केला आहे. जॉन ह्यूस्टन यांच्या 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) मधील विल्मर हा पिस्तूल बाळगणारा पोरगा आहे. हंफ्री बोगार्टचा गुप्तहेर त्याला चारचौघांत पुन्हा पुन्हा हिणवतो, आणि अखेरीस ज्या मालकासाठी तो राबला तोच त्याला पोलिसांच्या हवाली करण्यास राजी होतो. तेथे कुक अपमानाने पेटलेला आणि तरी काहीच करू न शकणारा संताप दाखवतात. हॉवर्ड हॉक्स यांच्या 'द बिग स्लीप' (१९४६) मधील हॅरी जोन्स याच्या अगदी उलट आहे. मारेकऱ्याच्या धाकाखाली असतानाही तो आपल्या प्रेयसीचा खोटा पत्ता सांगतो आणि मारेकऱ्याने दिलेले विषारी मद्य पिऊन मरतो. त्या गुंतागुंतीच्या चित्रपटात निखालस निष्ठेचे असे दुसरे कृत्य दाखवणे कठीण जाईल, आणि ते घडते नायकाच्या हातून नव्हे, तर काही मिनिटांपुरत्या आलेल्या या लहानशा माणसाकडून. नायक शेजारच्या खोलीतून ते ऐकत असतो. स्टॅनली कुब्रिक यांच्या 'द किलिंग' (१९५६) मधील जॉर्ज पीटी पुन्हा निराळा. शर्यतीच्या मैदानावरचा हा रोखपाल, बायकोने आपल्याला किंमत द्यावी म्हणून दरोड्याचा बेत तिच्यापाशी फोडतो, आणि त्या एका याचनेतून सगळा सर्वनाश ओढवतो. विल्मरचा अहंकार, जोन्सची निष्ठा आणि पीटीची लाचारी ज्याला एकच भूमिका वाटते, त्याने चेहरा पाहिला, माणूस पाहिला नाही, असेच म्हणावे लागेल. पुढे दूरचित्रवाणीवरील 'मॅग्नम, पी. आय.' या मालिकेत ज्याचा दरारा सर्वांना वाटतो अशा वृद्ध गुन्हेगार म्होरक्याचे कामही त्यांनी केले, याचा तर पूर्वपक्षाला विसरच पडतो.

श्रेय दिग्दर्शकाचे, या तिसऱ्या आक्षेपाला सर्वांत बळकट आधार मिळतो तो जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'शेन' (१९५३) या चित्रपटातून, म्हणून त्याचीच परीक्षा करणे न्याय्य ठरेल. दुसऱ्या महायुद्धात स्टीव्हन्स अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण पथकाचे प्रमुख होते आणि डाखाऊ येथील छळछावणीचे चित्रण त्यांनी केले होते. गोळीबाराला खेळ मानणाऱ्या चित्रपटांचा त्यानंतर त्यांना तिटकारा आला. म्हणून टोरी हा वसाहतकरी शेतकरी जॅक पॅलन्सने साकारलेल्या भाडोत्री मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडतो, तेव्हा बंदुकीचा आवाज कानठळ्या बसवणारा आहे, आणि कुक यांच्या अंगाला तार बांधून त्यांना चिखलात मागे खेचण्यात आले होते. ही सारी योजना दिग्दर्शकाची, यात शंका नाही. तरीही गोळी सुटण्यापूर्वीचा अवधी कोणाचा? वर फळ्यांच्या ओट्यावर मारेकरी उभा, खाली चिखलातून पाय घसरत चाललेला टोरी. तो तापट आहे, बढाईखोर आहे, आपण चुकीच्या माणसाला भिडलो हे त्याला कळून चुकले आहे, आणि तरी माघार घेणे त्याला लाज वाटल्यामुळे अशक्य झाले आहे. पिस्तूल अर्धेच वर आलेले असताना त्याचा हात थबकतो. त्या थबकण्यात भीती आणि अभिमान एकाच वेळी दिसतात, आणि ते कोणत्याही तारेने साधत नाही.

भारतीय नाट्यशास्त्रात रसाला कारण होणाऱ्या गोष्टींना विभाव म्हणतात. मारेकरी भयंकर आहे हे प्रेक्षकाला त्याच्या काळ्या हातमोज्यावरून जेवढे कळते, त्याहून अधिक टोरीच्या चेहऱ्यावरून कळते. म्हणजे पॅलन्सच्या भयानकतेचा एक मोठा विभाव कुक यांनी पुरवला आहे. टोरीच्या दफनानंतर खोरे सोडून जाण्याची तयारी करणाऱ्या शेतकऱ्यांचे मन वळवावे लागते आणि चित्रपटाचा नायक शेन याला अखेर पिस्तूल पुन्हा हाती घ्यावे लागते, तेव्हा चित्रपटाचा उत्तरार्ध ज्या मृत्यूवर उभा आहे तो प्रेक्षकाला खरा वाटलेला असणे अनिवार्य होते. आणि तो खरा वाटवण्यासाठी कुक यांना मिळालेला पडद्यावरचा वेळ नायकाच्या तुलनेत अगदी थोडा होता.